चाकावर उभी गाडी

बोरगाव मेघेतल्या पुंडलिकरावांनी तीस वर्षं गाड्यांच्या स्प्रिंगा बदलल्या. दिवाळीपासून मात्र रक्तातल्या साखरेनं त्यांच्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. कळल्यावर गिऱ्हाइकं येतील कशाला?

आष्टीच्या कापडवाल्याचा मुलगा धीरज गाडीची उंची कमी करून घ्यायला आला. आखूड स्प्रिंगा त्यानंच आणल्या होत्या.

"काका, जमिनीले टेकल्यासारखी दिसली पायजे."

"मंग चाकंच काढून टाक ना बाप्पा!"

स्प्रिंगा बसल्या. आता नियम साधा. खालच्या दांड्यांचे बोल्ट शेवटी आवळायचे, तेही गाडी चाकांवर उभी करून. अधांतरी आवळले तर आतलं रबर पिळतं आणि गाडी बसत नाही. पुंडलिकरावांना हे झोपेतही ठाऊक. पण बोल्ट कितपत आवळला हे बोटांना कळेना. एखादा सैल राहील या धास्तीनं, पाना जोरात फिरवायला जागा होती तोवर, गाडी जॅकवर असतानाच त्यांनी सगळे करकचून आवळले.

"तीनशे किलोमीटर चालव, मंग येजो. तवर बसते," त्यांनी सांगितलं.

धीरज आठ दिवसांनी परत आला. डावी बाजू बोटभर उंच, शिवाय कुरकुर.

"काका, स्प्रिंगाच डुप्लिकेट निघाल्या का?"

नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्यांची बायको शकुबाई डबा घेऊन तिथंच उभ्या होत्या.

"नाई. मीच चुकलो. गाडी लटकली असतानाच बोल्ट आवळले."

"तुमी? काऊन?"

"बोटाइले काई कळत नाई."

शकुबाईंनी डबा ठेवला, त्यांचा हात ओढला आणि नख रुतेस्तोवर चिमटा घेतला. पुंडलिकरावांचा हात हललासुद्धा नाही.

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

"आन् मी रोज याच हातात गरम चहा देऊन राह्यली!"

गाडी गॅरेजातल्या खड्ड्यावर चाकांवरच उभी केली. पुंडलिकरावांनी खाली उतरून बोल्ट सैल केले, तशी डावी बाजू दबक्या आवाजात खाली आली. मग त्यांनी पाना धीरजकडे दिला.

"तू आवळ. मी सांगतो कोणता."

"मी? अन् काई चुकलं तं?"

"मी हावो ना इथं."

धीरजनं शर्ट काळा करून घेत सगळे बोल्ट आवळले. कुरकुर थांबली.

दुसऱ्या दिवशी पवनारहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला. "हाताखाली माणूस मिळाला की कळवतो," म्हणून पुंडलिकरावांनी तो ठेवला. आता वाईट वाटेल म्हणून वाट पाहिली. वाटलं नाही. शकुबाई दवाखान्यात न्यायला आल्या, तेव्हा पुंडलिकराव चपला घालून निघाले.