पाव टाकलेली विहीर

पाणी पुढे आलं की ते आधी थोडं तळहातावर ओतून घेत, उजेडाकडे धरून बघत, हुंगत, आणि मग देणाऱ्याकडे मान वर करून विचारत, "कुठलं?"

लग्नाचा मांडव असो की व्याह्याचं घर, हा प्रश्न चुकत नसे. यजमानाने विहिरीचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न येई, भरलं कोणी? तेही सांगितलं की मग ते तांब्या वर धरून, ओठ न लावता, गटागट पीत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. पण आमच्या कल्याणात त्यांच्या तोडीचं दुसरं कोणी नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

आळीत सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही काकाच म्हणतो. मामलेदार कचेरीत हयात घालवून ते घरी बसले होते. मी त्यांच्या शेजारी राहत असे आणि मराठी शाळेत मास्तर होतो. एकदा गंमत म्हणून मी त्यांना आमच्याच विहिरीचं पाणी दिलं आणि टिटवाळ्याहून आणलंय असं सांगितलं. त्यांनी ते जिभेवर घोळवलं आणि नाक मुरडलं. थोड्या वेळाने तेच पाणी दुसऱ्या तांब्यातून, आमच्या विहिरीचं म्हणून दिलं, तर मिटक्या मारत प्यायले. तेव्हा त्यांना पाण्यातलं फार कळत होतं अशातला भाग नाही. त्यांचा संशय पाण्यावर नसेच, तो आणणाऱ्यावर असे.

अशा या माणसाला एक हौस होती. दरवर्षी मार्गशीर्षात आळीतली मंडळी गोळा करून ते वसई दाखवायला नेत. कल्याण बंदरातून ओहोटी लागली की पडाव सुटे आणि खाडीखाडीने आम्ही वसईला उतरत असू. पडावावरही काकांचं सुरूच. तांडेलाने पाण्याच्या मडक्यावरचं झाकण काढलं की हे दुरूनच विचारायचे, कुठलं? तांडेल बिचारा दर वर्षी तेच सांगे.

"बंदरावरचाच हाय काका. सकाली भरलाय."

"आणि मडकं कुणाचं?"

मग तांडेल शिडाकडे बघत बसे, आणि काका घरून आणलेला आपला तांब्या उघडत.

वसईचा किल्ला तेव्हाही असाच पडका होता. फिरंग्यांची छप्पर उडालेली देवळं, त्यांच्या कमानीतून उगवलेले पिंपळ, पायाखाली कोणाकोणाच्या नावाच्या कोरलेल्या शिळा, आणि तटापलीकडे समुद्र. काका हातातल्या काठीने भिंती ठोकत पुढे चालत आणि आम्ही मागे. इथे फिरंग्यांचा कप्तान राहायचा, इथून आपले लोक तटावर चढले, हे सगळं ते रंगवून सांगत. पण दुसऱ्या कोणी काही सांगितलं की लगेच म्हणत, "कशावरून?"

एका वर्षी एक साहेब मोडक्या मनोऱ्यासमोर छत्री रोवून चित्र काढत बसला होता. काका त्याच्यामागे उभे राहून बराच वेळ बघत राहिले आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "चित्र नाही ते मास्तर. नकाशा आहे."

मी म्हटलं, काका, किल्ला आता त्यांचाच आहे. स्वतःच्या घराचा नकाशा कोण चोरून काढेल?

"तेच तर म्हणतोय मी," काका म्हणाले. परतीच्या वाटेवर त्यांनी त्या साहेबाबद्दल मला आणखी बरंच सांगितलं.

किल्ल्याच्या मागच्या अंगाला, केळीच्या वाडीला लागून एक विहीर होती. तिथे आलं की काकांचा आवाज खाली येई. फिरंग्यांच्या अमलात रात्रीतून विहिरीत पाव टाकत, सकाळी लोक पाणी भरून नेत, आणि दुपारी दवंडी पिटत की तुम्ही बाटलात. मग ज्ञातीने दारं लावून घेतली की गावच्या गाव किरिस्ताव व्हायचं. ही गोष्ट आम्ही सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेली होती. पण विहीर कुठली, हे कोणीच सांगत नसे. काका काठीने दाखवत आणि म्हणत, "तीच ही. शिंतोडासुद्धा अंगावर घेऊ नका."

मंडळी धोतराचे सोगे सावरून पुढे सटकत. काका मात्र म्हणत, तुम्ही व्हा पुढे, मी जरा मागचे दगड बघून येतो. आणि बराच वेळ येत नसत.

आता मला सांगा, तुम्हाला काय वाटलं असतं? आम्हालाही तेच वाटलं. फिरंगी पळाले तेव्हा देवळातलं सोनं पुरून गेले, ही वदंता होतीच. त्यात काका भिंती ठोकत हिंडत, आणि विहिरीपाशी आले की नेमके एकटे मागे राहत. एका उन्हाळ्यात त्यांनी घरावर नवी कौलं घातली, तेव्हा आळीची खात्रीच पटली. आमच्या शेजारचे वैद्य तर म्हणाले, मास्तर, तुमचे पाय तरुण आहेत, एकदा मागे राहून बघा तरी. मलाही राहवत नव्हतं.

त्या मार्गशीर्षात मी मनोरा बघायचं निमित्त करून पडक्या भिंतीआड थांबलो. काका विहिरीच्या काठावर बसले होते. वाडीतून एक बाई आली. तांबडं चौकड्याचं किरिस्तावांचं लुगडं, कानात जड सोनं, कमरेवर कळशी. वय काकांहून थोडं कमी असेल. तिने कळशी टेकवली आणि हसून म्हणाली, "दादा, यंदा पिंड घातलास ना माझा?"

"घातला."

"कावळा शिवला?"

"लगेच."

"खोटारडा मेला," ती म्हणाली. मग काकांनी ओंजळ पुढे केली, तिने कळशी कलती केली, आणि काका प्यायले. हुंगलं नाही, उजेडाकडे धरलं नाही, काही विचारलं नाही. ओंजळ रिकामी झाली की पुन्हा पुढे करत. मी सोनं बघायला गेलो होतो आणि तिथे मला उभं राहवेना.

काकांची धाकटी बहीण लहानपणी वसईला दिली होती. नवरा गेला आणि मागोमाग तीही पटकीने गेली, असं आम्ही ऐकून होतो. पितृपक्षात काकांच्या घरी तिच्या नावाचा पिंड पडे, त्या जेवणाला मी स्वतः बसलो आहे. ती मेली नव्हती. तिने वाडीवाल्या किरिस्तावाशी संसार मांडला होता, आणि घरच्यांनी तिच्या नावाने आंघोळ केली होती. काका एकटे वसईला गेले असते तर चार तोंडांनी कारण विचारलं असतं. म्हणून ते दरवर्षी आख्खी आळी बरोबर नेत. आणि त्या विहिरीत पाव पडला होता की नाही, हे देव जाणे. मला तरी वाटतं, ती मंडळींना लांब ठेवण्यासाठी काकांनीच नेमलेली विहीर होती.

परतताना काकांनी खाडीत नेसत्या वस्त्रानिशी बुडी मारली. ते दरवर्षीच मारत. फिरंग्यांच्या दगडांना हात लागला म्हणून मारतात, असं आम्ही समजत होतो. बाहेर येऊन पंचा पिळता पिळता त्यांनी मला विचारलं, "कुठे राहिला होतात?"

"मनोरा बघत होतो."

तळहातावरचं पाणी बघावं तसं त्यांनी माझं तोंड बघितलं. त्यांच्या घरात दोन नाती लग्नाच्या होत्या. ही गोष्ट फुटली असती तर त्या मुलींना कोणी उंबरा ओलांडू दिला नसता आणि काकांच्या घरी कोणी पाण्याला शिवलं नसतं. मी वैद्यांना सांगितलं की काका तिथे संध्या करतात. वैद्यांना ते पटलं नाही, पण त्यांनी विचारणं सोडलं. काका मात्र पुढे कितीतरी महिने माझ्या घरचं पाणी पीत नव्हते, आणि मला त्याचं वाईट वाटे.

पुढे चैत्रात ते आजारी पडले. अन्न सुटलं, मग बोलणंही तुटक झालं. मुलाने काशीहून आलेली गंगाजळी फोडली आणि पळी तोंडाशी नेली. काकांनी डोळे उघडले.

"कुठलं?"

"गंगेचं, बाबा."

काकांनी तोंड फिरवलं. सुनेने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. भेटायला आलेल्यांना हसू की रडू असं झालं. गंगेवरसुद्धा संशय घेणारा माणूस, असं कोणी म्हणालंही. मी पायाशी बसलो होतो. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि ओठांतल्या ओठांत विचारलं, "मास्तर, यंदा वसईला जायचं ना?"

ऐन चैत्रात वसई! घरच्यांना तो भ्रम वाटला. मी उठलो, घरून तांब्या घेतला आणि बंदरावर गेलो.

ती वाडीतच सापडली. मी कोण ते सांगितलं आणि काकांचं सांगितलं. ती विहिरीपाशी आली आणि म्हणाली, "तुमच्या हातानेच काढा. कोणी विचारलं तर खोटं बोलायला नको."

मी तांब्या तिच्या हातात दिला. तिने तो भरला, केळीच्या पानाने तोंड बांधलं, आणि कल्याणला यायचं एका शब्दानेही बोलली नाही.

मी पोचलो तेव्हा काकांना धुगधुगी होती. तांब्याचं पान सोडून मी पळी भरली. तेवढ्यात मुलाने माझा हात धरला.

"मास्तर, कुठलं?"

मुलगा बापावर गेला होता. मी म्हटलं, माझ्या घरचं. त्याने हात सोडला.

काकांनी पळी नाकाशी येऊ दिली आणि सवयीने हुंगली. आम्ही सगळे त्या प्रश्नाची वाट बघत होतो. तो आला नाही. पळीमागून पळी ते प्यायले, आणि मुलगा डोळे पुसत म्हणाला की निदान जाताना तरी बाबांचा संशय फिटला.

पुढच्या मार्गशीर्षात आळी वसईला न्यायला कोणी नव्हतं, म्हणून मी नेली. काकांचा मुलगाही होता. भिंती दाखवल्या, शिळा दाखवल्या. विहिरीपाशी आलो तेव्हा वाडीच्या कडेला ते तांबडं लुगडं दिसलं. मी आवाज खाली आणला आणि सांगितलं, पाव टाकला होता तो हिच्यातच, शिंतोडाही घेऊ नका, तुम्ही व्हा पुढे. मंडळी सोगे सावरून गेली. मुलगा सर्वांच्या पुढे होता.

ती कळशी घेऊन आली. माझ्याकडे बघून तिला काय ते कळलं असावं. तिने इतकंच विचारलं, "पाणी पोचलं?"

"पोचलं. सगळं प्यायले."

"कुठलं म्हणून विचारलं नाही?"

"नाही."

तिने कळशी खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. पलीकडून मंडळी मला हाका मारत होती. मी ओंजळ पुढे केली.