उपाशी गाठ, कुरकुरीत बोंबील

पाचूबंदरच्या क्लेमेंटीन मावशीला भांडकुदळ, हट्टी, तोंडाळ असं सगळं म्हणून झालं होतं. खोटारडी मात्र कुणी म्हटलं नव्हतं. तेवढं १९५७ साली मुंबईच्या डॉक्टरांनी केलं. "बाई, खरं सांगा, मासे खाल्लेत ना?"

मावशीच्या गळ्यातल्या गाठीचा कॅन्सर निघाला होता. ऑपरेशन झालं, पण थोडा रोग मागे राहिला. तो मारायला किरण सोडणारं आयोडीन परदेशातून विमानाने यायचं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, "मासळीत आणि समुद्राच्या मिठात आयोडीन असतं. तीन आठवडे दोन्ही बंद. गाठ उपाशी राहिली तरच आमचं औषध खाईल." चाचणीत गाठ पोटभर जेवलेली निघाली. आता औषधाची पुढच्या महिन्यातली एकच खेप हाती होती. ती हुकली तर रोग छातीत उतरेल, असं ते मला बाजूला घेऊन म्हणाले.

"मरियामातेची आन, एक काटा खाल्ला नाय!" मावशी कडाडली.

मी तिची भाची, आणि भलतीच संशयी. वसईच्या बाजारात तिच्या सुक्या बोंबलांच्या टोपलीमागे दिवसभर बसले आणि चोरी पकडली. गिऱ्हाईक आलं की मावशी बोंबील मोडायची, तुकडा दाताखाली कडकन वाजवायची, "बग, कुरकुरीत!" म्हणायची आणि गिळून टाकायची. दिवसातून चाळीसदा.

"मावशी, हे काय?"

"ह्ये खानं नाय गो. ह्यो धंदा!"

मी डोक्याला हात लावला. चाखणं थांबवलं तर विक्री थांबली, कारण विकणारीच तोंडात घालत नाही म्हणजे माल ओला असणार. घरी बसायचं नाव मावशी काढेना. तिच्या बदली मी चाखावं, तर माझ्या शब्दाला बाजारात कोण विचारतं? राहिली शेजारी बोंबील विकणारी आग्नेस; तिचा शब्द बाजार मानायचा. अकरा वर्षांपूर्वी तिने मावशीच्या बोंबलांना भर बाजारात 'ओले' म्हटलं होतं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

मी आग्नेसचे अक्षरशः पाय धरले. रोगाचं ऐकून ती उठली, मावशीचा बोंबील चावला आणि औषध गिळल्यासारखं तोंड करून म्हणाली, "कुरकुरीत हाय."

मावशीला ते इतकं गोड लागलं की ती रस्त्याने जाणाऱ्यांनाही बोलावू लागली. "ये गो बाय, आग्नेस काय बोलते ऐक!" तीन आठवडे मावशी आळणी भातावर राहिली आणि आग्नेस तिच्या मालाची स्तुती करत राहिली. मला मेलीला हसू आवरत नव्हतं, आणि रोज भीतीही वाटत होती.

या वेळी चाचणीच्या थेंबभर औषधावर उपाशी गाठ तुटून पडली आणि गळ्यापाशी धरलेलं किरण मोजायचं यंत्र टकटकत सुटलं. मग पुरं औषध दिलं, आणि अंगातून किरण निघतात म्हणून मावशीला काही दिवस एकटीला खोलीत ठेवलं. सोडताना डॉक्टर हसले. "गाठीने औषध खाल्लं. आता तुम्ही मासे खा."

मावशी थेट बाजारात आली, पण स्वतःच्या टोपलीकडे गेलीच नाही. तिने आग्नेसच्या टोपलीतला बोंबील उचलला. आजूबाजूच्या बायका माना वळवून बघू लागल्या. कडकन आवाज झाला.

"कुरकुरीत हाय," मावशी म्हणाली, आणि भर बाजारात रडायला लागली.

आग्नेसने टोपली झटकन मागे ओढली. "रडते कुठं त्यावर? माल ओला होईल!"