भिंतीपलीकडचा बत्ता

जवस आणि सुकी मिरची कुटल्याचा वास आला की भिलाईजवळचं आमचं खापरीच्या छपराचं घर आठवतं. कारखाना उभा राहत होता, तेव्हा वडिलांनी ते विकत घेतलं. ते रात्रपाळीत उंच परांचीवर चढून वेल्डिंग करत आणि दिवसा झोपत. पण शेजारचं घर आमच्या भिंतीलाच लागून होतं आणि तिथे रोज दुपारी बत्ता वाजू लागे. वडील लाल डोळ्यांनी छताकडे बघत पडून राहत. न झोपलेला माणूस रात्री परांचीवर चढणार, ही आईची धास्ती होती. एका दुपारी तिने भिंतीवर ठोकायला आमचा बत्ता उचलला, मग नुकताच डोळा लागलेले वडील दचकतील म्हणून थांबली आणि बत्ता हातात तसाच घेऊन शेजारी गेली. मी मागोमाग. शेजारीण दारातच म्हणाली, “बाई, भांडाले आल्या का कुटाले?” आईने हाताकडे पाहिलं. “आमच्या घरी रातपाळीचा माणूस झोपते. तुमी दुपारी कावून कुटून राहिल्या?” “आमचा दुसऱ्या पाळीचा. अर्ध्या राती येते, आन् पाटे तुमच्या बत्त्यानं उठते.” मग दोघी तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की वडील जागे होऊन बाहेर आले. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही खल अंगणाच्या टोकाला, कडुनिंबाखाली गेले. दोन्ही घरचे पुरुष झोपू लागले आणि दोन्ही घरांत एकाच चवीची चटणी होऊ लागली. कडुनिंबाखालच्या गप्पांत कधीतरी बत्ते बदलले. आमच्या खलात आजही त्यांचाच बत्ता आहे.