गच्चीची किल्ली तात्यांकडं

हसायचं नाही, या अटीवर सांगतो. म्हणजे तुम्ही हसणारच, पण निदान हातातला चहा खाली ठेवून हसा.

मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला. सर जुन्या वहीतनं फळ्यावर उतरवायचे, आम्ही फळ्यावरनं नव्या वहीत. याला ते शिक्षण म्हणायचे. घरी आलो आणि सांगवीत वायरलेस इंटरनेट सुरू केलं. पिंपळीच्या बाजूला टॉवर, तिथनं नेट आमच्या गच्चीवरच्या डिशमध्ये, आणि डिशमधनं अकरा घरांत. डिश इंदापूरच्या मामेभावाची, वापरलेली. खांब परवडत नव्हता, म्हणून गच्चीवरच्या जिन्याच्या भिंतीलाच छातीच्या उंचीवर ठोकली.

एवढं ध्यानात ठेवा. या लहरी लई वेगवान, पण तेवढ्याच नाजूक. टॉवर आणि डिशच्या मध्ये काही आडवं आलं की संपलं. हे मीच गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगायचो.

तर नेट रोज चारच्या सुमाराला जायला लागलं. मला लगेच कळायचं, कारण मी रोज चारला न चुकता गच्चीवर तपासायला जायचो. कठड्याला टेकून मोबाईलवर बघावं, तर सिग्नल शून्य. मान वर करून बघावं, तर समोरच्या गच्चीवर तात्यांची नवी काळी पाण्याची टाकी.

तात्या म्हणजे समोरचे शेजारी. भेंडी-दोडक्याचे बागायतदार. आयुष्यात कुणाचं ऐकल्याची नोंद नाही.

"तात्या, टाकी हलवा. माझं नेट अडतंय."

"टाकी माझी, गच्ची माझी. तुझं नेटच कडंनं ने की."

आता या माणसाला काय शिकवायचं? पण त्यांची नात स्वाती, तिची पुण्याच्या कंपनीची मुलाखत लागली. गुरुवारी, चारला, माझ्या नेटवर. आमच्या अब्बांचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्यांनी लगेच संधी साधली.

"पोरीची मुलाखत तुटली, तर सोमवारपासनं काउंटरवर बसायचं. डिश भंगारात."

मी म्हणलं, कबूल.

नातीसाठी तात्या वाकले. गुरुवारी टाकी रिकामी करून आडवी पाडली. मी साडेतीनला कठड्याला उभा राहून बघितलं. शून्य.

मग मला युक्ती सुचली. थेट वाट बंद असेल तर आरशासारखा पत्रा धरायचा. लहर त्यावर आपटून वळणार आणि डिशमध्ये येणार. हे शास्त्र खरं आहे हो, मोठे लोक करतात. फक्त पत्रा धरायला माणसं पाहिजेत.

माणसं मिळाली. तात्या, अब्बा, आणि स्वातीला आशीर्वाद द्यायला आलेले गुरुजी. सातवीत मी प्रश्न विचारला की हेच गुरुजी मला उठाबशा काढायला लावायचे. उत्तर त्यांनाही यायचं नाही, हा माझा संशय आजही कायम आहे.

डोळ्यापुढं आणा. समोरच्या गच्चीवर तीन म्हातारे, हातात दहा फुटी पत्रा, डोक्यावर ऊन. इकडं कठड्याला मी, हात हलवत.

"अब्बा, तुमची बाजू वर. तात्या, हलू नका."

"हलत न्हाय मी, हात कापत्यात."

"गुरुजी, वाकडा धरा, वाकडा!"

"तू मला शिकवू नगंस, आसिफ्या."

चार वाजले. खालनं स्वाती तात्यांना ओरडली, "आबा, चित्र हालंना. सर दिसंना झालं."

अब्बांनी पत्र्याआडनं मान काढली. "बास झालं. जा, दुकानाची किल्ली घे. आजपासनंच बस."

मी खवळलो. म्हणलं, यांना पत्रासुद्धा धड धरता येत नाही. दुसरा, चांगला सपाट पत्रा दुकानातनंच आणावा, म्हणून पाय आपटत खाली गेलो. पत्रा घेऊन परत येतोय, तर तात्यांच्या खिडकीतनं स्वातीचा आवाज. खडाखडा बोलतेय, मधे हसतेय. पत्रा जमला की! कुठल्या कोनात जमला ते बघावं, म्हणून धावत गच्चीवर गेलो.

"गेलं," खालनं स्वाती रडकुंडीला आली.

"कुणी हलवला पत्रा?" मी कठड्यावरनं ओरडलो.

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं, माझ्या पाठीमागच्या डिशकडं बघितलं, मग मान वळवून टॉवरकडं.

"आसिफ्या, खाली बस."

"काय?"

"बस म्हणलं ना."

सातवीपासनंची सवय. बसलो.

"आलं," खालनं स्वाती.

"ऊठ."

"गेलं."

"बस."

"आलं. आबा, ह्यो काय खेळ लावलाय?"

तात्यांनी हळूच पत्रा खाली ठेवला. नेट चालूच. त्यांनी आडवी पडलेली टाकी ढकलत उभी केली. नेट चालूच. मी रोज चारला नेट तपासायला जात होतो आणि तपासणाराच डिशपुढं छाती काढून उभा होता.

मुलाखत पन्नास मिनिटं चालली. पन्नास मिनिटं मी कठड्याखाली उकिडवा. पायांना मुंग्या आल्या, पण उठायची टाप नव्हती. समोर गुरुजी बोट रोखून बसले होते.

स्वातीला नोकरी लागली. मुलाखतीत तिला विचारलं होतं, सुरुवातीला अडचण कसली होती? ती म्हणाली, लाईनमध्ये अडथळा होता, खाली बसवलाय.

अब्बांनी डिश भंगारात घातली नाही. जिन्याच्या दाराला दुकानातलं सगळ्यात जाड कुलूप लावलं आणि किल्ली तात्यांकडं दिली. तेव्हापासनं नेट एकदाही गेलेलं नाही. धंदा माझा, गिऱ्हाईक माझं, गच्ची माझ्या बापाची. पण वर जायचं असलं की मला तात्यांच्या दारात उभं राहावं लागतं, आणि ते आतनंच विचारतात, "नेट चांगलं चाललंय न्हवं? मग कशाला जातोस?"