आधी खोड, मग माणूस

काशीराम मिस्त्री माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहायचा, आधी पायांकडे. करवत लागलेल्या फांदीखाली कुणी उभा दिसला की हाक नाही, इशारा नाही. हातातला निंबाचा ओला फोक सरळ नडगीवर. "तुये पाय मले सांभाळा लागते काय बे? बायको कर अन् तिले सांग!"

इंग्रजी अमदानीत अकोल्याच्या एका लाकडाच्या वखारीसाठी तो झाडं पाडायचा. मी आणि माझा धाकटा भाऊ किसन त्याच्या टोळीत करवत ओढायचो. त्याच्या हाताला कसब होतं, हे मी नाकारत नाही. जाड फांदीला आधी खालून चीर, मग वरून काप. नाहीतर साल सोलत फांदी कापणाऱ्याच्याच अंगावर येते. पांडू नावाचा गडी एकदा खालची चीर विसरला आणि थोडक्यात वाचला. मिस्त्रीनं त्याला दिवसभर भाकर सोडू दिली नाही. "झाडानं सोडलं तुले, मी नाई सोडनार."

नांदगाव खंडेश्वरकडे एका मळ्यात वादळानं चिंच आडवी पडली होती. फांद्या जमिनीत रुतून धनुष्यासारख्या वाकलेल्या. अशा फांदीत करवत अडकू नये म्हणून आम्ही एकाला तिच्यावर बसवायचो. मिस्त्रीनं मनाई केली होती. पण तो पाणी प्यायला विहिरीवर गेला आणि किसन बसला. फांदी कडाडून तुटली, किसन खाली पडला, आणि तिच्या आधारावर असलेलं खोड लोळून त्याच्या मांडीवर आलं.

आम्ही ओढायला धावलो. मिस्त्री पळत आला आणि कुऱ्हाडीच्या दांड्यानं आम्हालाच झोडपलं. "हटा! ओढसान तं खोड छातीवर येईन. आधी खोड, मंग माणूस!" त्यानं खोडाखाली दगड रचायला लावले, पाचरी ठोकल्या, मग एकेक फांदी सावकाश उतरवली. किसन गुरासारखा ओरडत होता. मी रडलो, पाया पडलो. मिस्त्री म्हणाला, "त्याचं तोंड पाहू नोको. पाचरीकडे पाह्य."

अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात किसनचा पाय मांडीपासून कापला. मिस्त्री एकदाही आला नाही. दुसऱ्या दिवशी किसनच्या जागी त्यानं नवा गडी उभा केला होता. मी करवत त्याच्या पुढ्यात फेकली आणि निघालो.

पुढे मी स्वतःची वखार घातली. धारणीच्या सागवानाचा सौदा करताना व्यापारी माझ्या तोंडाला लागत नसत. एका उन्हाळ्यात मिस्त्री फाटकाशी आला. डोळ्यांत मोतीबिंदू, टोळी मोडलेली. "काम दे. कोनतंबी."

मी म्हणालो, "देतो. किसनची माफी माग."

किसन कुबडी टेकून समोरच उभा होता. सौदा करणाऱ्याला समोरच्याची गरज कळते. मिस्त्रीची गरज पोटाची होती.

"नाई मांगत," तो म्हणाला. "माफी मांगतली तं पुढच्या येळी ओरडनं आईकू येईन. मंग हात घाई करते, अन् माणूस मरते."

मी गड्याकडून त्याला बाहेर काढवलं. किसन म्हणाला, "दादा, जेवू तं घाल त्याले."

घातलं नाही. तो पोळ्याच्या आधीच, बडनेऱ्याच्या धर्मशाळेत मेला. किसन कुबडीवर त्याच्या मातीला जाऊन आला आणि महिनाभर माझ्याशी बोलला नाही. बोलला असता तरी मी एवढंच सांगितलं असतं: मिस्त्रीला माफीचे फक्त दोन शब्द बोलायचे होते.