सुऱ्यांच्या प्रदर्शनाला विळी घेऊन

परतूरच्या बसस्थानकावर सकाळी आम्ही दोघं उभे होतो, तेव्हा माझ्या एका हातात पाण्याची बाटली होती आणि दुसऱ्या हातातल्या पिशवीत, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, आमच्या घरची विळी होती. निघालो होतो जालन्याला, सुऱ्यांचं मोठं प्रदर्शन पाहायला. सुऱ्या पाहायला जाताना विळी कशाला, हे शेजाऱ्यांनी विचारलं, रिक्षावाल्यानंही विचारलं. जिनं विचारायला हवं होतं त्या माझ्या बायकोनं, सुमननं, मात्र काही विचारलं नाही. "चालेल," एवढंच म्हणाली.

या "चालेल"पायीच तर हा सगळा प्रवास होता. मी निवृत्त भूगोल शिक्षक. उन्हाळ्यात सुमनच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी जमिनीवर बसायचं नाही असं बजावलं आणि विळी माळ्यावर गेली. सुमननं लहानपणापासून भाजी चिरली ती खाली बसून, एक गुडघा वर आणि दुसरा पाय विळीच्या पाटावर. ओट्याशी उभं राहून सुरी चालवणं तिला जमेना. भाजी सूनबाई चिरू लागली, चांगली चिरू लागली, आणि सुमन बैठकीतल्या खुर्चीवर बसून राहिली. पाहुणे येणार? चालेल. भिंतीला हिरवा रंग देऊ? चालेल. लग्न झाल्यापासून माझा एकही निर्णय जिनं धडपणे पार पडू दिला नव्हता, ती बाई प्रत्येक गोष्टीला मान डोलावू लागली.

पहिले काही दिवस मी हे सुख उपभोगलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. मग चैन पडेना. पुढे पुढे तर भीतीच वाटू लागली. घरात आपल्याला बोलणारं कुणी उरलं नाही की माणूस फार एकटा पडतो. तिच्या हाताला बसेल अशी एक सुरी मिळाली, ती पुन्हा ओट्याशी उभी राहिली, तर कदाचित माझ्यावर पुन्हा चिडेल, एवढीच माझी आशा होती. त्यामुळे प्रदर्शनाची जाहिरात फोनवर आली तेव्हा मी निवडणुकीची ड्यूटी लागल्यासारखा तयारीला लागलो. पोलादाचे प्रकार पाठ केले. मुठी लाकडाच्या बऱ्या की प्लास्टिकच्या, यावर तासन् तास चित्रफिती पाहिल्या. सकाळी नुसतं पाहायचं, दुपारी जेवायचं आणि मगच खरेदी करायची, असा बेत आखला. जाहिरातीत "जुन्या पात्यांना मोफत धार" असंही होतं. फुकट धार सोडायची नाही, म्हणून विळी माळ्यावरून काढली.

बस निघाली. दोन्ही अंगांना कापूस फुटला होता आणि मधून मधून तुरीची पिवळी फुलं दिसत होती. वाटूरला माझा जुना मित्र देवराव चढला. तो शेतकरी माणूस. त्यालाही फुकट धार कळली होती, म्हणून गोणपाटात दोन विळे आणि एक कुऱ्हाड होती. कंडक्टरनं गोणपाट पाहिलं, माझी पिशवी चाचपली आणि आम्ही कुठं भांडायला निघालो आहोत का, असं विचारलं. देवरावनं त्याला प्रदर्शनाची सगळी माहिती दिली. तेवढ्यात मी सुमनला खिडकीची जागा हवी का विचारलं. ती म्हणाली, चालेल. जागा बदलल्यावर ऊन तिच्या तोंडावर येऊ लागलं, तरी ती काही बोलली नाही. पूर्वी अशा उन्हाबद्दल तिनं मला जबाबदार धरलं असतं.

वाटेत देवरावनं धपाटी (ज्वारीच्या पिठात तीळ-तिखट घालून थापलेली पोळी) काढली. तिघांनी दह्याबरोबर खाल्ली. दही माझ्या पँटवर सांडलं. सुमननं मुकाट्यानं रुमाल पुढे केला.

प्रदर्शन जालन्याच्या कारखान्यांच्या भागात, एका मोठ्या मैदानावर होतं. लांबवर पोलादाच्या कारखान्यांची धुराडी दिसत होती आणि त्यांच्यासमोर लग्नाचा असावा तसा पांढरा मांडव पसरला होता. दारातल्या रखवालदारानं आमचं सामान उघडायला लावलं आणि मान हलवली. धारदार वस्तू आत न्यायला मनाई होती.

"मंग आत काय हाय?" देवरावनं विचारलं.

"आतल्या आत हायेत. भायेरच्या चालत न्हाईत."

मोफत धारेचं काय, हे मी शिक्षकी आवाजात विचारलं. धार लावणारा आतच बसला होता, पण पाती आत न्यायची परवानगी नव्हती. हा नियम कुणी केला हे रखवालदाराला ठाऊक नव्हतं आणि तो केल्याचं त्याला दुःखही नव्हतं. शेवटी शेजारच्या भज्यांच्या गाड्याखाली आमचं शस्त्रागार ठेवून आम्ही आत गेलो.

आत गेलो आणि खरंच डोळे दिपले. करंगळीएवढ्या सुऱ्या होत्या, कोपरापर्यंत लांब सुऱ्या होत्या, वाकड्या नेपाळी खुकऱ्या होत्या. मासे सोलायची वेगळी, हाडं तोडायची वेगळी. एक दातेरी सुरी फक्त पाव कापायची होती. पाव तर हातानंही तुटतो, असं देवराव त्या विक्रेत्याला समजावून सांगू लागला. त्यात एक अडचण होती. सुरी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात दिली की दोघांत भांडण होतं, असं देवराव पक्कं मानतो. विक्रेता अदबीनं सुरी पुढे करी आणि देवराव हात मागे घेऊन म्हणे, "खाली ठिवा, मंग घेतो." विक्रेता खाली ठेवी, देवराव उचले, पाही, पुन्हा खाली ठेवी. मागे रांग लागली. आमच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच शकुन-अपशकुन घराबाहेर गेले, म्हणून मी मोठ्या ऐटीत थेट हातात सुऱ्या घेत होतो. सुरी हातोहात दिल्यानं खरंच भांडण होत असतं, तर मी त्यातल्या डझनभर सुमनच्या हातात दिल्या असत्या.

सगळा मांडव हिंडून झाल्यावर मी ठरवलेल्या दुकानाशी आलो. तिथं लाकडी फळी, कांदे, टोमॅटो मांडून ठेवले होते. वापरून पाहा, मग घ्या, असा मामला होता. मी पोलादाविषयी पाठ केलेलं सगळं विक्रेत्याला ऐकवलं. मग एक हलकी, लाकडी मुठीची सुरी सुमनपुढे ठेवली.

तिनं सुरी उचलली. कांदा डाव्या हातात धरला आणि सवयीनं तो पात्याकडे नेला. विळीत पातं जागेवर असतं आणि भाजी हलते. इथं सगळं उलटं होतं. तिचा कांदा पुढे यायचा आणि सुरीही पुढे यायची. विक्रेत्यानं तिला कांदा फळीवर ठेवून वरून दाबायला सांगितलं. तिनं दाबलं. कांदा निसटला, फळीवरून उडाला आणि पलीकडच्या दुकानात खुकऱ्यांच्या मांडणीत जाऊन पडला. लोक हसले. वाईट मनानं नव्हे, पण हसले.

सुमननं सुरी हळूच खाली ठेवली. "हीच घ्या," ती म्हणाली. "चालेल."

पाय दुखतात, बाहेर खुर्चीवर बसते, असं म्हणून ती निघून गेली. मी सुरी घेतली. रिकाम्या हातानं परतायची लाज वाटली, दुसरं काही कारण नव्हतं. विक्रेत्यानं ती छान खोक्यात घालून दिली आणि मी ते खोकं धरून बराच वेळ नुसताच उभा राहिलो. मग देवरावला हाक मारली.

बाहेर आलो तर सुमन खुर्चीवर नव्हती. दाराशी नव्हती, नळाशी नव्हती. नव्या गुडघ्यांची बाई गर्दीत कुठं पडली तर, या विचारानं मला घाम फुटला. तेवढ्यात भज्यांच्या गाड्यामागून एक आवाज आला. तो आवाज मी उन्हाळ्यापासून ऐकला नव्हता.

"कुणाला इच्यारून घेतली इळी (विळी)?"

भजीवाली बाई अपराधी चेहऱ्यानं उभी होती. एवढ्या सुऱ्यांच्या प्रदर्शनात तिची एकुलती एक सुरी बोथट झाली होती. गाड्याखाली विळी दिसली, तिनं काढली. खाली बसायला जागा नाही, म्हणून उंच टेबलाच्या कडेवर मांडून, पाटावर तेलाचा भरलेला डबा ठेवून ती पक्की केली आणि उभ्या उभ्या कांदे चिरायला घेतले. सुमन विळीकडे पाहत होती, टेबलाकडे पाहत होती, त्या डब्याकडे पाहत होती.

"बाई, हितंच पडल्ती," भजीवाली म्हणाली. "घेऊन जावा."

"जाड काढून राह्यलीस कांदा. भज्याला असा चिरतेत का? सरक बाजूला."

आणि सुमन टेबलाशी उभी राहिली. कांदा तिच्या दोन्ही हातांत होता, पातं जागेवर होतं आणि कांद्याच्या पातळ चकत्या परातीत पडू लागल्या. उन्हाळ्यापासून पात्याला धार नव्हती, पण तिच्या हाताला होती. भजीवालीनं मुकाट्यानं पुढचे कांदे सोलायला घेतले. गिऱ्हाइकं वाढली. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"आवो, उजेडात उभं राहू नका," सुमन वर न बघता म्हणाली. "जरा पण कळत न्हाई."

मी उजेडातून बाजूला झालो. सुमनच्या डोळ्यांतून कांद्यानं पाणी वाहत होतं. मी कांद्यापासून चांगला लांब होतो, तरी माझेही डोळे भरून आले आणि ते देवरावनं पाहिलं. त्यानं भल्या माणसासारखं भज्यांकडे तोंड फिरवलं.

भजी आम्ही पोटभर खाल्ली. भजीवालीनं सुमनला उद्याही येता का म्हणून विचारलं. परतीच्या बसमध्ये सुमननं खिडकीची जागा सोडून मला उन्हात बसवलं आणि खोकं उघडलं. मग सुरू झाली. एवढा खर्च कशासाठी केला? दुकानदारानं सांगितलं आणि घेतली? पोलादाची चौकशी केली, मुठीची चौकशी केली, बायकोला काय पाहिजे त्याची चौकशी केली का? विळी माळ्यावर टाकायला कुणी सांगितलं होतं? ओट्याच्या कडेला पाट ठोकून दिला असता तर? पँटवर दही घेऊन दिवसभर जालना हिंडलात ते वेगळंच. कंडक्टरनं मागे वळून पाहिलं आणि आम्ही अखेर भांडतो आहोत याची त्याची खात्री झाली.

देवराव वाटूरला उतरला. उतरता उतरता त्यानं विचारलं, "गुरुजी, बराबर झालं का काम?"

"बिलकुल," मी म्हणालो.

वाटूर सोडल्यावर सुमन दम घ्यायला थांबली. बाटलीतलं पाणी प्यायली, टोपण लावलं आणि बाहेर कापसाकडे पाहत राहिली. परतूर अजून लांब होतं. बोलणं संपलं की काय, अशी मला भीती वाटली. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "पाट ठोकायला सुताराचं पाहू की पुढच्या महिन्यात. घाई काय आहे?"

ती माझ्याकडे वळली आणि पुन्हा सुरू झाली.