सोलापूरचे चौऱ्याहत्तर, मावळातले शहाण्णव

शुक्रवार, ६ फेब्रुवारी २०२६. दुपारी एक वाजून दहा मिनिटं. मी गोदामात टॉवेलच्या गठ्ठ्यावर चिठ्ठी चिकटवत होतो, तेवढ्यात काकांची गाडी दारात लागली. काका म्हणजे माझे मालक, मूळचे मैंदर्गीचे. घरी कानडी बोलतात, दुकानात मराठी, आणि मला कायम 'तम्मा' म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ.

"तम्मा, चिठ्ठ्या राहू दे. बॅटा घेतलास काय?"

गोल्फच्या काठ्यांना काका बॅटा म्हणतात. त्या मी सकाळीच आणल्या होत्या. बॅगेच्या आतल्या कप्प्यात राजीनाम्याचं पत्रही होतं. दहावीला शाळा सुटली म्हणून प्रत्येक शब्द तीनदा तपासला होता.

ठरलं होतं ते असं. मावळात एक मोठं गोल्फ मैदान आहे, तिथे मोठ्या स्पर्धा होतात. त्यावर मी ऐंशीच्या आत आलो, तर काका मला नोकरीतून मोकळं करणार आणि व्यावसायिक खेळाडूंच्या पात्रता फेरीचा खर्च उचलणार. नाही आलो तर गोदाम. या खेळात फटके जितके कमी तितकं चांगलं. सोलापुरात मी चौऱ्याहत्तर मारतो, तीन वर्षांच्या वह्या आहेत. म्हणजे पाच फटके हातात शिल्लक, असा माझा हिशेब होता.

आमचं मैदान कसं आहे ते आधी सांगतो. अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला नऊ होल, तेच दोनदा खेळायचे. खाली काळी माती, उन्हाळ्यात चेंडू गिळेल एवढ्या भेगा. म्हणून चेंडू पडेल तिथून उचलायचा, टॉवेलनं पुसायचा, खिशातला चटईचा वीतभर तुकडा ठेवून त्यावरून मारायचा. होलभोवती गवत नाही. वाळूत जळकं ऑईल कालवून थापलेली सपाट गोल जागा आहे. तिच्यावर फळी ओढून सरळ वाट करायची आणि त्या वाटेनं चेंडू ढकलायचा. काठीभर अंतर उरलं तर 'गेला' म्हणायचं. सगळेच असं खेळतात.

पुण्याचा रस्ता चांगला आहे. टेंभुर्णीला चहा, इंदापूरच्या पुढे गाडी थांबवून घरच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी. पुण्यातून बाहेर पडायलाच दीड तास गेला, तेवढा वेळ धरून निघा. तळेगावात लॉज बाराशे, दोघांत. काका पडल्या पडल्या झोपले. मी पत्र पुन्हा एकदा वाचलं.

शनिवारी सकाळी सव्वासातला मैदानावर. जाणाऱ्यांसाठी सूचना: ओळखीचा सभासद सोबत लागतो, कॉलरचा शर्ट लागतो, जीन्स चालत नाही. आमचे सभासद जोशी सर, काकांचे जुने गिऱ्हाईक, बँकेतून निवृत्त. सामान उचलायला सुमनमावशी, शेजारच्याच गावच्या.

मैदान बघितलं आणि मी दोन मिनिटं जागेवरच उभा राहिलो. काकांच्या दिवाणखान्यातला गालिचाही एवढा मऊ नाही. बूट काढून ठेवावेत असं वाटलं.

"कुठून खेळणार?" जोशी सरांनी विचारलं. "पुढून की स्पर्धेतले खेळाडू खेळतात तिथून, अगदी मागून, जास्त अंतरावरून?"

"मागनंच की," काका म्हणाले. "पोरगं चौऱ्याहत्तर मारतंय."

जोशी सर माझ्याकडे बघून हसले. "मी बावीस वर्षं इथे खेळतोय. मागून ऐंशीच्या आत दोनदाच आलोय."

मला वाटलं, वय झालंय त्यांचं.

पहिल्या होलवर दोन फटक्यांत चेंडू होलभोवतीच्या गवतावर. मी सवयीनं फळी शोधली. फळी कुठली असणार? हलकेच ढकलला. चेंडू होलपाशी गेला, वळला, उतारावरून घरंगळत वीस फूट खाली जाऊन थांबला. परत मारला तर हातभर अलीकडे राहिला. उचलायला वाकलो, तर मावशी म्हणाल्या, "पडू द्या की आत. हितं कुनी 'गेला' म्हणत न्हाय."

तो हातभराचाही चुकला. सहा.

दुसऱ्यावर पाच, तिसऱ्यावर पाच. अजून सावरता येईल असं मनात म्हणत होतो. चौथ्यावर मावशी चेंडू बघायला पुढे गेल्या नव्हत्या, माझ्या शेजारीच उभ्या होत्या. मी चेंडूपाशी गेलो, उचलला, टॉवेलनं पुसला, चांगल्या गवतावर ठेवला आणि मारला.

"अवो," मावशी हळूच म्हणाल्या, "त्यो उचलला का तुमी?"

मी हाताकडे बघितलं. चटई गाडीत राहिली होती, पण हात आपलं काम करत होता. मग लक्षात आलं, पहिल्या तिन्ही होलवरही मी तेच केलं होतं. जोशी सर दर वेळी दुसऱ्या कडेला होते. कोणालाच माहीत नव्हतं.

काकांनी ऐकलं होतं. जवळ येऊन पुटपुटले, "तम्मा, सोड की. कोन बघितलंय? चांगलं चाललंय."

"मी बघितलंय की, काका."

जोशी सरांना गाठून सांगितलं. ते गुणांचं कार्ड काढून म्हणाले, "उचलून दुसरीकडे ठेवून खेळलं की दोन फटक्यांचा दंड. चार वेळा म्हणजे आठ."

चार होलांतच ऐंशीच्या आत येण्याची आशा संपली. त्यानंतर मी हात पाठीमागे बांधून चालत होतो. तीन चेंडू पाण्यात गेले. पहिले नऊ होल एक्कावन्न, पुढचे नऊ पंचेचाळीस. एकूण शहाण्णव. हादरलो ते पुढच्या हिशेबानं: दंड वगळला तरी अठ्ठ्याऐंशी होत होते. जोशी सरांचे पंच्याऐंशी झाले आणि ते खूश होते. "इथे मागून चांगला हौशी खेळाडू नव्वदच्या आत आला की आम्ही चहा पाजतो," म्हणाले. टीव्हीवर अशाच मैदानावर अडुसष्ट मारणारी माणसं मी आजवर आपल्यासारखीच समजत होतो.

परतताना भिगवणला जेवायला थांबलो. काकांनी मासे मागवले, मग म्हणाले, "ते पत्र दे हिकडं."

त्यांना पत्राबद्दल माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. त्यांनी सावकाश वाचलं, घडी घालून परत दिलं. "एकबी चूक न्हाय रे. ठेव जपून. ऐंशी झालं की दे. हातानं उचललेलं न्हाय, खरं ऐंशी."

पुढच्या रविवारी आमच्या मैदानावर मी चटई खिशातून काढलीच नाही. भेगेत पडला तर भेगेतून मारला, काठीभराचाही आत पाडला. सत्त्याऐंशी झाले. तीन वर्षांच्या वह्या घरी आहेत. फाडल्या नाहीत. प्रत्येकीच्या मुखपृष्ठावर 'चटईवरचे' एवढं लिहिलं.

काकाही खेळतात; आमच्या मैदानावर जिंकलेले त्यांचे चार करंडक दुकानात आहेत. त्याच रविवारी सातव्या होलवर त्यांचा चेंडू ढेकळामागे पडला. त्यांनी उचलला, पुसायला टॉवेल काढला, माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

"लई वाईट सवय लावलास बघ," म्हणत त्यांनी चेंडू पुन्हा ढेकळामागे ठेवला. "लिही दंड."

खर्च, माझ्या खिशातून: लॉजचा अर्धा भाग ६००, चहा-जेवण ४३५, सुमनमावशी ८००, पाण्यात गेलेले तीन चेंडू ४५०. एकूण २,२८५. डिझेल आणि टोल काकांचे, आकडा विचारायचं धाडस झालं नाही.

देणं: मैदानाची पाहुण्यांची फी ५,५००, काकांना. ते म्हणतात, विसर. मी लिहून ठेवली आहे.